बारकोड जाणार आणि आरएफआयडी येणार? दुकानदार, गोदामवाले आणि गिऱ्हाइकांचे नेहमीचे प्रश्न

आरएफआयडी म्हणजे रेडिओ लहरींवर चालणाऱ्या टॅगबद्दल दुकानदार खर्चाचं विचारतात, गोदामवाले खात्रीचं आणि गिऱ्हाईक विचारतं ते पाळतीचं. तिघांचेही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. क्रम लावण्याच्या फंदात फारसं पडलेलो नाही, हवा तो प्रश्न आधी वाचा.

आधी सरळ सांगा, बारकोड बंद होणार का?

नाही. किराणा, औषधं, वह्या-पेनं यांत तर इतक्यात नाहीच. कपडे, बूट, खेळाचं सामान यांत टॅग आलेला आहे, पण तिथेही बारकोड कुणी पुसलेला नाही. एकाच लेबलावर दोन्ही असतात. टॅगने खरी गदा आणली ती हाताने स्टॉक मोजण्यावर. बिलिंगचा काउंटर त्यामानाने तसाच राहिला. 'बारकोडची जागा घेणार' असं जाहिरातीत वाचून जे टॅग घ्यायला निघतात, त्यांची निराशा होते. 'मोजणी सुटेल' म्हणून घेणाऱ्यांचे पैसे बहुधा वसूल होतात.

मग बारकोडचं बिघडलं काय होतं?

बिघडलं काहीच नव्हतं. २६ जून १९७४ ला अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्लीच्या च्युइंगमचं एक पाकीट स्कॅन झालं, आणि तेव्हापासून या पट्ट्यांनी दुकानदारी चालवली. छपाईत आपोआप येतात, वेगळा खर्च जवळजवळ शून्य.

मर्यादा दोन. पहिली, स्कॅनरला पट्ट्या दिसायला हव्यात, त्याही एकेक करून. खोक्यात चाळीस शर्ट असतील तर खोकं फोडा, शर्ट काढा, चाळीस वेळा 'टिक' करा, पुन्हा घड्या घाला. दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची: साधा बारकोड मालाचा प्रकार सांगतो, नग सांगत नाही. निळ्या रंगाच्या, ४० मापाच्या हजार शर्टांवर एकच आकडा असतो. त्यातला कुठला विकला, कुठला परत आला, कुठला ट्रायल रूममध्ये पडून आहे, हे त्या आकड्यावरून कळायची सोय नाही.

टॅग दिसतो कसा?

मोठ्या ब्रँडच्या कपड्याला लोंबणारं कागदी लेबल ट्यूबलाइटसमोर धरा. आत टॅग असेल तर दोन कागदांच्या मध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खाची नागमोडी नक्षी दिसेल, डावी-उजवी बाजू बरीचशी सारखी. ती अँटेना. मधोमध जिथे दोन्ही बाजू जवळ येतात तिथे एक काळा ठिपका असतो, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ती चिप. बोटाने चाचपलं तर किंचित खडबडीत लागते. एवढाच टॅग. बॅटरी नाही, काही संपत नाही.

बॅटरी नाही, मग चालतो कशावर?

टॅग वाचणारं यंत्र म्हणजे रीडर. तो रेडिओ लहरी सोडतो. अँटेना त्यातली थोडी ऊर्जा उचलते आणि चिप जागी होते. हल्लीच्या चिपला एका मिलिवॉटच्या शंभराव्या भागाइतकी ऊर्जाही पुरते. चिप स्वतः काही प्रक्षेपित करत नाही. आपल्यावर पडलेली लहर कमी-जास्त परतवत राहते, आणि त्या चढ-उतारातून रीडर तिचा नंबर वाचतो.

शंभर टॅग एकदम बोलले तर गोंधळ होईल, म्हणून रीडर आधी फेरी जाहीर करतो. प्रत्येक टॅग त्या फेरीतला एक क्रमांक स्वतःच यदृच्छेने निवडतो आणि आपली पाळी आली की उत्तर देतो. दोघांचा क्रमांक एकच निघाला तर पुढच्या फेरीत पुन्हा प्रयत्न. हे सगळं इतक्या झपाट्याने होतं की सेकंदाला शेकडो टॅग वाचून होतात.

टॅगमध्ये काय साठवलेलं असतं? किंमत असते का?

किंमत नसते, बहुतेक वेळा नावही नसतं. असतो फक्त एक नंबर, साधारणपणे ९६ बिटांचा. त्यात कंपनी कोणती, वस्तू कोणती आणि त्या वस्तूचा हा कितवा नग, एवढं असतं. प्रचलित मांडणीत नग क्रमांकासाठी ३८ बिट ठेवलेत, म्हणजे एकाच प्रकारच्या वस्तूचे २७ हजार कोटींहून अधिक नग वेगवेगळे ओळखता येतात. किंमत, रंग, सवलत, कुठल्या गोदामातून आला, हा सगळा तपशील तुमच्या संगणकात. तिथली नोंद चुकीची असेल तर टॅग इमानेइतबारे तीच चूक वाचून दाखवेल.

नंबरातला कंपनीचा भाग बारकोडसाठी घेतलेल्या नोंदणीतूनच येतो. आपल्याकडे ती जीएस१ इंडिया ही संस्था देते. बारकोड आधीच घेतला असेल तर टॅगसाठी वेगळा कंपनी नंबर काढावा लागत नाही.

जाता जाता एक: बारकोड ८९० ने सुरू झाला म्हणजे माल भारतात बनला, असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत असतो. तसं नाही. कंपनीने नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतला, इतकाच त्याचा अर्थ.

फास्टॅग म्हणजे हाच का?

हो, जवळजवळ सख्खा भाऊ. काचेवरचा फास्टॅगही बिनबॅटरीचा, त्याच वारंवारितेवर आणि त्याच तांत्रिक नियमांवर चालणारा. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांवर तो सक्तीचा झाला, त्यामुळे आरएफआयडी हे नाव न ऐकलेल्या माणसाच्या गाडीतही तो आहे. खालापूरच्या नाक्यावर कधी पटकन वाचला जातो, तर कधी कर्मचारी हातातला रीडर काचेला लावून दोनदा-तीनदा फिरवतो. दुकानातही हा अनुभव येणार हे धरून चाला.

दुकानाला नेमका फायदा काय?

हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पैसे इथेच सुटतात.

कपड्याच्या दुकानात संगणक म्हणतो 'तीन नग शिल्लक', आणि मांडणीवर एकही नसतो. एक चोरीला गेला, एक दुसऱ्या मापाच्या गठ्ठ्यात शिरला, एक परत आला पण नोंद झाली नाही. वर्षातून एक-दोनदा मोजणी होते तेव्हा हे उघडकीला येतं आणि दोन महिन्यांत पुन्हा तोच घोळ. कपड्यांच्या किरकोळ विक्रीत पुस्तकातला साठा आणि प्रत्यक्ष साठा यांचा मेळ नगवार पाहिला, तर तो ६५ टक्क्यांच्या आसपास असतो असं अभ्यासांत वारंवार आढळलं आहे. टॅग लावून नियमित मोजणी केली की तो ९५ च्या वर जातो.

नियमित मोजणी परवडते, कारण ती आता शटर लावून रात्रभर करायची गोष्ट राहत नाही. एक माणूस हातातला रीडर घेऊन रॅकमधून चालत जातो. घड्या उलगडाव्या लागत नाहीत, हँगर सरकवावे लागत नाहीत. दर आठवड्याला, काही ठिकाणी रोज, मोजणी होते. मग '४२ माप संपलंय, पण मागच्या खोलीत दोन आहेत' हे सेल्समनला लगेच कळतं आणि गिऱ्हाईक परत जात नाही.

यातून दुसरी वाट उघडते. ऑनलाइन आलेली ऑर्डर दुकानातल्या मालातून भागवायची असेल तर शेवटचा एक नग खरोखर आहे याची खात्री लागते. ती नसली की दुकानं 'तीनपेक्षा कमी असेल तर ऑनलाइन दाखवू नका' असा नियम लावतात, आणि प्रत्येक दुकानातले दोन-दोन नग तसेच पडून राहतात. सीझन संपला की तोच माल सेलमध्ये पन्नास टक्क्यांनी फुंकावा लागतो.

ते खोक्यात सामान टाकलं की बिल होतं, ते हेच का?

हेच. डेकॅथलॉनच्या काउंटरवर तो चौकोनी डबा पाहिला असेल. बॅट, मोजे, पाण्याची बाटली सगळं एकत्र टाकायचं, पडद्यावर यादी येते. युनिक्लो या कपड्यांच्या ब्रँडचीही तशीच व्यवस्था आहे. दोघांचं जमलं याचं एक साधं कारण आहे: माल जवळजवळ सगळा त्यांचा स्वतःचा. टॅग कारखान्यातच लागतो, बाहेरच्या शंभर कंपन्यांच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत. झारा ब्रँडच्या इंडिटेक्सनेही २०१४ पासून हीच वाट धरली. सुरुवातीला त्यांनी चिप चोरीविरोधी प्लास्टिकच्या बिल्ल्यात बसवली. बिल्ला काउंटरवर काढून घेतला की पुन्हा वापरता येत होता.

आपल्या रस्त्यावरच्या दुकानात दीडशे कंपन्यांचा माल असतो. त्यातला अर्धा टॅगवाला, अर्धा बिनटॅगचा असेल तर डब्याचा उपयोग शून्य. कॅशियरला शेवटी प्रत्येक वस्तू हातात घ्यावीच लागते.

२००३ मध्येही 'बारकोड संपला' असं म्हणत होते ना?

म्हणत होते. जून २००३ मध्ये वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीने आपल्या सर्वांत मोठ्या शंभर पुरवठादारांना सांगितलं की जानेवारी २००५ पर्यंत खोकी आणि पॅलेटवर (खोकी रचायच्या फळ्यांवर) टॅग लावा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९९९ साली सुरू झालेल्या ऑटो-आयडी सेंटरने पाच सेंटच्या टॅगचं स्वप्न दाखवलं होतं. प्रत्यक्षात टॅग त्याहून बराच महाग होता, वाचनाची खात्री नव्हती, आणि पुरवठादाराचा खर्च होऊन फायदा वॉलमार्टचा, असा मामला होता. पुरवठादारांनी पाट्या टाकल्यासारखं काम केलं: माल तयार झाल्यावर, ट्रक भरायच्या आधी वॉलमार्टच्या खोक्यांवर तेवढे टॅग डकवायचे. त्यातून त्यांच्या स्वतःच्या कारखान्याला काहीच कळत नव्हतं. मोहीम हळूहळू थंडावली.

दरम्यान २००४ मध्ये 'जेन टू' नावाची सगळ्यांसाठी एकच तांत्रिक नियमावली आली, पुढे चिप सुधारली, भाव उतरले. २०१० च्या सुमारास वॉलमार्टच पुन्हा उतरलं, या वेळी जीन्स आणि आतल्या कपड्यांच्या एकेका नगावर. २०२२ मध्ये त्यांनी घरगुती वस्तू, खेळणी वगैरे विभागांतही टॅग मागायला सुरुवात केली. खोक्यावर न चाललेली गोष्ट नगावर चालली.

मग किराण्यात का नाही?

पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर दोन-चार रुपयांचा टॅग कोण लावणार? घाऊक घेतला तरी टॅगचा भाव रुपयांत मोजावा लागतो, पैशांत नाही. आणि बिस्किटाचा पुडा कुठल्या रंगाचा, कुठल्या मापाचा हा प्रश्नच नसतो. पेटी उचलून बघितलं की कळतं.

शिवाय पाणी आणि धातू हे या लहरींचे वैरी. पाणी त्या शोषून घेतं, धातू परतवून लावतो. मिनरल वॉटरच्या पेटीत मधल्या बाटल्यांचे टॅग वाचायचे, तेलाचे पत्र्याचे डबे एकावर एक रचून वाचायचे, म्हणजे डोक्याला ताप. धातूवर चालणारे खास जाड टॅग मिळतात, पण त्यांच्या किमतीत दोन बिस्किटाचे पुडे येतील.

किराण्यात बारकोडचा वारसदार दुसराच आहे: क्यूआरसारखा चौकोनी कोड. २०२७ अखेरपर्यंत जगभरच्या बिलिंग काउंटरांनी असे कोड वाचायला सज्ज व्हावं, असं बारकोडचे नियम ठरवणाऱ्या जीएस१ या जागतिक संस्थेने ठरवलं आहे. त्यात बॅच नंबर आणि मुदत संपण्याची तारीख बसते, खर्च शाईचा. आपल्या सरकारनेही १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख औषध ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा केला. टॅग मागितला नाही, आणि ते शहाणपणाचंच झालं.

आमचं साड्यांचं दुकान आहे. जरीचा त्रास होईल का?

होऊ शकतो. जरीत धातू असला की टॅग तिला चिकटून असताना बहिरा होतो. पदराच्या घडीत खुपसू नका, कडेला लोंबता ठेवा. साड्यांचा गठ्ठा घट्ट रचला असेल तर एकावर एक आलेले टॅगही एकमेकांना झाकतात, म्हणून सगळे एकाच कोपऱ्यात येऊ देऊ नका.

सराफांनी यावर छान तोड काढली आहे. अंगठीच्या टॅगला लांब शेपटी असते. तिचा वेढा अंगठीला बसतो, आणि चिप-अँटेनाचा भाग सोन्यापासून दूर राहतो. संध्याकाळी ट्रे तिजोरीत जाण्यापूर्वी रीडरवर ठेवला की नग जुळतात की नाही ते कळतं. वजन आणि शुद्धता मात्र टॅगला कळत नाही, त्याला काटा आणि हॉलमार्कच.

गोदामात कमी वाचलं जाण्याची भीती वाटते.

कमी वाचलं जाणं त्रासदायक आहे, पण जास्त वाचलं जाणं अधिक घातक. विक्रेता डेमो देताना याबद्दल अवाक्षर काढत नाही.

भिवंडीतला पत्र्याच्या शेडचा नेहमीचा गाळा घ्या. दारात दोन बाजूंना अँटेना लावल्या, ट्रकमध्ये ६० खोकी चढली, आणि संगणकाने वाचली ७३. जास्तीची तेरा कुठून आली? दाराजवळ उद्याच्या गाडीसाठी रचून ठेवलेली. लहरी पत्र्यावरून उसळतात आणि नको तिथे पोचतात. शेजारच्या दारातून उतरणारा मालही आपल्या जावकीत शिरतो. चलन आणि नोंद जुळत नाही, ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसतो, आणि सुपरवायझर वैतागून पुन्हा कागदावर टिकमार्क करायला लागतो. एकदा माणसांचा भरवसा उडाला की यंत्र भिंतीवर नुसतं लटकत राहतं.

उपाय आहेत, पण ते जागेवर उभं राहूनच सापडतात: रीडरची ताकद कमी करा, अँटेना आतल्या बाजूला वळवा, दाराच्या कडेला धातूची जाळी लावा, दारापासून काही फूट जमीन पिवळ्या पट्ट्याने आखून तिथे माल ठेवायला बंदी करा. शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आणि पाळायला सर्वांत कठीण.

बंदरातही हे वापरतात म्हणे?

हो, आणि तिथे छान चालतं. जुलै २०१६ मध्ये न्हावा शेवा बंदरात लॉजिस्टिक्स डेटा बँक सुरू झाली. आयात-निर्यातीच्या कंटेनरवर टॅग लावतात, आणि वाटेत टोलनाके, कंटेनर यार्ड अशा ठिकाणी बसवलेले रीडर तो टिपतात. व्यापारी कंटेनर नंबर टाकून माल कुठवर आला ते पाहू शकतो. २०१७ मध्ये सीमाशुल्क खात्याने कारखान्यात स्वतः सील केलेल्या निर्यात कंटेनरसाठी आरएफआयडीवाली इलेक्ट्रॉनिक सीलही आणली. लाखोंच्या मालाला एक टॅग, तोही बाहेरून, ट्रक एकेक करून जाणार. हिशोब सरळ बसतो.

रीडर चालवायला परवाना लागतो का?

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून अशा उपकरणांसाठी परवानामुक्त आहे, पुढे तो ८६८ पर्यंत वाढवला. ताकदीची मर्यादा मात्र पाळावी लागते, आणि उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता हवी. पाहुण्यांकरवी अमेरिकेतून स्वस्तात रीडर मागवू नका. तिकडची यंत्रं ९०२ ते ९२८ वर चालतात आणि आपल्याकडे तो पट्टा यासाठी मोकळा नाही. टॅगचं तसं नाही, हल्लीचे बहुतेक टॅग दोन्हीकडे चालतात.

मॉलच्या दारात 'टीं टीं' वाजतं तो हाच टॅग?

बऱ्याच ठिकाणी नाही. तो साधा चोरीविरोधी टॅग, त्याला नंबर नसतो. 'काहीतरी बाहेर चाललंय' एवढंच त्याला सांगता येतं. आरएफआयडी असेल तर कुठला नग गेला तेही कळतं. चोर रोखला जाईलच असं नाही, ॲल्युमिनियम फॉइलचं अस्तर लावलेल्या पिशवीपुढे दोन्ही हतबल. पण काय गेलं हे त्याच दिवशी कळल्यामुळे माल पुन्हा मागवता येतो.

मी शर्ट घेऊन घरी गेलो. दुकान माझा माग काढू शकतं का?

घरापर्यंत नाही. टॅग काही मीटरवरून वाचला जातो, तोही समोर रीडर असेल तरच. त्यात जीपीएस नसतं, तुमचं नावही नसतं.

पण शंका निराधार नाही. बिलाच्या वेळी मोबाइल नंबर देता तेव्हा तो नग आणि तुम्ही यांची गाठ दुकानाच्या संगणकात बसते. पुढच्या वेळी तोच टॅग अंगावर घेऊन आत शिरलात तर ओळख पटवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. २००४ मध्ये जर्मनीत मेट्रो या दुकानसाखळीच्या प्रायोगिक दुकानातल्या ग्राहक कार्डात न सांगता चिप घातल्याचं उघड झालं, लोक निदर्शनं करायला उतरले आणि कंपनीने कार्डं मागे घेतली. युरोपियन आयोगाने २००९ मध्ये शिफारस केली की विक्रीच्या वेळी टॅग निष्क्रिय करण्याची सोय हवी. चिपमध्ये तशी आज्ञा असतेच, पासवर्ड देऊन ती चालवली की टॅग कायमचा मरतो. दुकानं ती क्वचितच वापरतात, कारण माल परत आला तर टॅग त्यांना पुन्हा हवा असतो.

लोंबतं लेबल कापून टाका, विषय संपला. शिवणीत शिवलेला असेल तर त्यावर कात्रीची खूण छापलेली असते, तिथून कापा.

लहरींचा तब्येतीवर परिणाम?

टॅग स्वतःहून काही सोडत नाही. रीडरची ताकद कायद्याने मर्यादित आहे. पेसमेकर असलेल्यांनी दारातल्या अँटेनाला टेकून उभं राहू नये, चालत निघून जावं.

सुरुवात करायची झाली तर?

एकाच विभागापासून करा, आणि जिथे माप-रंगांची भानगड सर्वांत जास्त तिथूनच: जीन्स, लहान मुलांचे कपडे, बूट. हातातला एक रीडर, टॅग छापून नंबर भरणारा एक प्रिंटर, आणि तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरशी बोलणारा प्रोग्राम. तिसऱ्या गोष्टीचा खर्च कोटेशनमध्ये शेवटच्या पानावर असतो आणि बहुधा तोच सर्वांत मोठा निघतो. सॉफ्टवेअरवाल्याला एकच प्रश्न विचारा: 'नगवार नंबर ठेवता येतो का?' फक्त 'निळा शर्ट ४०: ३ नग' एवढंच त्याला ठेवता येत असेल तर टॅगचा निम्मा पैसा वाया.

टॅगवाला निर्यातीचा माल तिरुपूरहून घेत असाल तर पाहून घ्या, परदेशी ब्रँडसाठी भरलेले जुने नंबर त्यात शिल्लक असू शकतात. ते तुमच्या यादीत नसल्यामुळे रीडर प्रत्येक मोजणीत 'अनोळखी' म्हणून दाखवत राहील. आवकीच्या वेळीच जुनी लेबलं कापून आपली लावा.

टॅग खराब निघाला तर बिल अडेल का?

नाही. त्याच लेबलावर बारकोड छापलेला असतो, नेहमीचा स्कॅनर चालवा. खराब लेबल मात्र फेकू नका, एका डब्यात साठवा आणि महिनाअखेरीला पुरवठादारासमोर ठेवा.